एक्स्टेंडेड वॉरंटी असूनही गाडीच्या एसी कॉम्प्रेसरचे पैसे मागतायत, काय करू?

सर्व्हिस सेंटर तोंडी 'वॉरंटीत बसत नाही' म्हणत असेल, तर नकार लेखी मागा, कुठल्या कलमाखाली ते नमूद करून. माझ्या बाबतीत पुण्यातच असं झालं. सिंहगड रस्त्यावर स्टिअरिंग एकदम जड झालं. गाडी नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी फोनवर चोवीस हजारांचा आकडा. जाऊन जॉबकार्ड (तक्रार आणि करायचं काम लिहितात तो कागद) पाहिलं, तर माझ्या तक्रारीच्या जागी फक्त 'जनरल चेकअप'! तिथेच उभं राहून 'स्टिअरिंग जड, डावीकडे वळताना आवाज' असं लिहून घेतलं, फोटो काढला, मगच सही केली. मग ई-मेलने कलम विचारलं, कंपनीच्या कस्टमर केअरलाही पाठवलं. चार दिवसांत काम वॉरंटीत झालं.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड हे झिजणारे भाग मात्र बहुतेक वॉरंटीत नसतातच, त्यांच्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. कॉम्प्रेसरचं तसं नाही, तुमच्या पुस्तिकेतली वगळलेल्या भागांची यादी आजच वाचा. त्यात तो नसेल तर अजिबात मागे हटू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरीही नाहीच ऐकलं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तिथे वकील सक्तीचा नाही.