शेजाऱ्याची नोटीस आली, माग बंद करावे लागतील का?

प्रश्न: आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घराच्या तळमजल्यावर टॉवेलचे चार माग आहेत. सासऱ्यांनी ते बसवून तीस वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी पती वारले, तेव्हापासून मी, मुलगा आणि एक कामगार मिळून माग चालवतो. ऑर्डरची घाई असली किंवा दिवसा वीज गेली, तर रात्री बारापर्यंतही काम चालते. पतीच्या वेळी रात्री माग चालत नसत. शेजारच्या घराची आणि आमची भिंत सामाईक आहे. तिथे पूर्वी राहणाऱ्यांचेही माग होते. दीड वर्षापूर्वी ते घर एका नोकरदार कुटुंबाने विकत घेतले. त्यांची आई अंथरुणाला खिळून आहे. एकदा दारात मोठे भांडण झाले, त्यानंतर बोलणे बंद आहे. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत सर्व माग कायमचे बंद करा, दोन लाख रुपये भरपाई द्या, अन्यथा पोलिसांत आणि दिवाणी न्यायालयात जाऊ. आम्ही इथे आधीपासून आहोत, घर घेताना त्यांना माग ऐकू आले नव्हते का? मिरवणुकांचे आवाज रात्री उशिरापर्यंत चालतात, मग आमचेच माग का खुपतात? नोटिशीला उत्तर द्यावे की नाही?

उत्तर: ताई, उत्तर अवश्य द्यावे आणि मुदतीच्या आत द्यावे. खासगी वकिलाच्या नोटिशीला उत्तर दिलेच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. तथापि पुढे दावा उभा राहिला, तर न्यायाधीश सर्वप्रथम हेच पाहतील की तक्रार कळल्यावर तुम्ही काय केले. मौन बाळगणाऱ्याविषयी चांगले मत होत नाही आणि रागाच्या भरात लिहिलेले उत्तर पुढची अनेक वर्षे आपल्याच विरुद्ध वाचले जाते. मात्र उत्तराचा मजकूर ठरवण्याआधी तुमची बाजू कोठे भक्कम आहे आणि कोठे कच्ची आहे, हे तुम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘आम्ही आधीपासून आहोत’ या मुद्द्यावर तुमचा सर्वांत जास्त भर आहे. दुर्दैवाने तोच सर्वांत कच्चा आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि अखंड उपभोग घेतला असल्यास शेजारच्या मिळकतीच्या संदर्भात काही हक्क (म्हणजेच सुखाधिकार) संपादन करता येतात, हे खरे आहे. परंतु हा आधार घ्यायचा झाला, तरी ज्या प्रमाणात उपभोग सिद्ध होईल त्याच प्रमाणात हक्क मिळतो आणि तुमचे रात्रीचे काम केवळ तीन वर्षांचे आहे. शिवाय पूर्वीच्या शेजाऱ्याचेही माग असल्यामुळे त्याला तुमच्या आवाजाचा वेगळा उपद्रव झालाच नाही आणि ज्याला उपद्रव नाही त्याच्याविरुद्ध उपद्रवाचा हक्क साठत जात नाही. इंग्लंडमधील १८७९ सालच्या ‘स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन’ या खटल्यात हाच प्रश्न निघाला होता. एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या स्वयंपाकघरात खलबत्ते चालवत होता. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि मग त्याला त्या आवाजाचा त्रास होऊ लागला. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने मनाई हुकूम दिला, कारण खोली बांधली जाईपर्यंत तक्रार करण्याजोगा उपद्रवच नव्हता आणि म्हणून वीस वर्षे मोजायला सुरुवातच झालेली नव्हती. आपल्याकडील न्यायालयेही हे तत्त्व विचारात घेतात. त्यामुळे ‘त्यांनी पाहून घर घेतले’ हे वाक्य उत्तरात लिहू नये. त्याने समोरच्याचे मन दुखावते आणि न्यायालयात फारसे काही साधत नाही.

आता भक्कम बाजू. खासगी उपद्रव सिद्ध करण्यासाठी त्रास ठळक आणि अवाजवी असावा लागतो. तो सर्वसाधारण माणसाच्या सहनशक्तीने मोजला जातो आणि परिसर कसा आहे हेही पाहिले जाते. ज्या वस्तीत घरोघरी माग चालत आले आहेत, तेथे दिवसा माग चालणे ही अनपेक्षित गोष्ट नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) ने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे, अर्थात वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून. म्हणूनच ‘सर्व माग कायमचे बंद करा’ ही मागणी, माझ्या मते, जशीच्या तशी मान्य होणे कठीण आहे. दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज आला, तर प्रथमदर्शनी बाजू, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न निघणारे नुकसान या तीन कसोट्या लावल्या जातात. चार मागांवर चालणारे घर आणि रात्रीची झोप या दोन्ही गोष्टी त्या तराजूत पडतात. अशा वेळी न्यायालय व्यवसाय थांबवण्याऐवजी त्याच्या वेळा बांधून देऊ शकते, आणि त्या वेळा तुम्ही स्वतः आधीच ठरवून दिलेल्या असतील तर तुमची बाजू उजळ दिसते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, तर औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि ७०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वाढला, अथवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, तर नियम ७ खाली तक्रार करता येते. धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा म्हणजे धोटा) मागाजवळ उभे राहिले तर आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो; सामाईक भिंतीतून पलीकडे किती पोहोचतो, हे मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी प्रथम महानगरपालिकेच्या नगररचना विभागातून आपल्या मिळकतीचा झोन दाखला (ती निवासी, व्यापारी की औद्योगिक क्षेत्रात येते हे सांगणारा) काढावा, आणि शेजारी तयार असतील तर त्यांच्याच खोलीत, माग चालू असताना आणि बंद असताना, अशी दोन्ही वेळची मोजणी प्रमाणित यंत्राने करून घ्यावी. मोबाइलवरील ॲपचा आकडा अंदाजापुरता ठीक आहे, पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये.

रात्रीच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला आशा दाखवणार नाही. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात शांततेने जगणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि स्वतःच्या आवारातसुद्धा, हद्दीबाहेर जाऊन शेजाऱ्यांना उपद्रव देईल असा आवाज करण्याचा हक्क कोणालाही नाही, असे स्पष्ट केले. मिरवणुकांचा दाखला येथे उपयोगी पडत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत राज्य शासन देऊ शकते. ती ठरावीक दिवसांची असते आणि मागांना लागू होत नाही. तेव्हा रात्री दहानंतर एकही माग चालवू नका. नोटीस आल्यानंतरही रात्री माग चालला, तर तुमच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाच्या हातात फारसे काही उरत नाही.

पोलिसांच्या धमकीने घाबरून जाऊ नये. भारतीय न्याय संहितेतील सार्वजनिक उपद्रवाच्या गुन्ह्यासाठी (कलम २७०) त्रास एकट्या शेजाऱ्याला होऊन पुरत नाही, तो जनतेला किंवा आसपास राहणाऱ्या लोकांना व्हावा लागतो. आणि कलम २९२ खालील शिक्षा एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची आहे. ध्वनिनियमांखाली पोलीस आयुक्तालयातील सक्षम अधिकारी निर्बंध घालू शकतो, पण तो आदेश रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी तुम्ही त्याच्याकडे अर्ज करू शकता आणि त्या अर्जावर तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. पोलीस ठाण्यातून बोलावणे आले तर जावे, शांतपणे लेखी म्हणणे द्यावे आणि पोच घ्यावी. दोन लाखांची भरपाईही केवळ मागून मिळत नाही. नुकसान झाल्याचे आणि ते तुमच्या आवाजामुळेच झाल्याचे त्यांना सिद्ध करावे लागेल. त्याच वेळी तुमची स्वतःची कागदपत्रे नीट आहेत ना, हे पाहून घ्या. महानगरपालिकेचा परवाना कोणाच्या नावावर आहे, सासऱ्यांच्या किंवा पतीच्या नावावरून तो तुमच्या नावावर झाला आहे का, आणि मागांची वीजजोडणी यंत्रमागाच्या वर्गवारीत आहे की घरगुती मीटरवर, हे तीन प्रश्न समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारील.

आवाज कमी करण्याचे उपाय कायद्याच्या पुस्तकात नाहीत, पण या प्रकरणात त्यांचे वजन कोणत्याही कलमाइतकेच आहे. धोटा एका पेटीतून ठोकरला जाऊन दुसऱ्या पेटीत आदळतो, तेथे सर्वांत मोठा आवाज निघतो. पेटीतील चामडे किंवा रबर झिजले, नटबोल्ट ढिले झाले की तो आणखी वाढतो. जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) बोलावून चारही माग तपासून घ्या. मागाच्या पायांखाली रबरी पॅड घातल्यास जमिनीतून आणि भिंतीतून जाणारी थरथर कमी होते, आणि अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला आवाजाइतकीच ही थरथर छळते. सामाईक भिंतीला लागून असलेले माग शक्य असल्यास दुसऱ्या बाजूला सरकवा. केलेल्या प्रत्येक कामाचे बिल आणि तारखेसह फोटो जपून ठेवा. येथे एक गोष्ट विषयाला किंचित सोडून, पण कळकळीने सांगतो: त्या खोलीत तुम्ही आणि तुमचा मुलगा दिवसभर उभे असता, तेव्हा कानांत बोळे घालण्याची सवय दोघांनीही आजपासून लावून घ्या. वर्षानुवर्षे अशा आवाजात काम केल्याने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

उत्तराच्या मसुद्यात आरोप अमान्य केल्यानंतर एक परिच्छेद साधारण असा असावा: ‘आमच्या हक्कास बाध न येता, केवळ शेजारधर्म म्हणून आम्ही कळवतो की यापुढे आमचे माग सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेतच चालतील, दुपारी १ ते ३ या वेळेत सामाईक भिंतीलगतचे माग बंद राहतील, आपल्या मातोश्रींच्या प्रकृतीत काही तातडीची अडचण उद्भवल्यास आम्हाला कळवावे, आम्ही त्या वेळी माग थांबवू.’ ‘हक्कास बाध न येता’ हे शब्द गाळू नयेत, नाहीतर ही सवलत कबुलीजबाब म्हणून वाचली जाईल. वेळा तुमच्या कामाला झेपतील अशाच लिहाव्यात, कारण लिहून दिलेली वेळ एकदा मोडली की पुढच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. वीज जाण्यामुळे बुडालेले तास रात्री भरून काढण्याची सोय यापुढे उरणार नाही, हे गृहीत धरूनच व्यापाऱ्याला मालाची तारीख द्या.

कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या आईचे आजारपण हा निर्णायक मुद्दा नाही, कारण मोजमाप सर्वसाधारण माणसाचे असते. तरीही ज्या भिंतीच्या अलीकडे तुमचा माग आहे, तिच्याच पलीकडे त्या बाईंची खाट असेल, तर खाट दुसऱ्या खोलीत हलवता येईल का हे विचारायला कोणत्याही कलमाची आडकाठी नाही. दारात झालेल्या भांडणानंतर तुम्ही दोघेच समोरासमोर बसलात तर पुन्हा शब्दाने शब्द वाढेल. गल्लीतील दोघांनाही मान्य असलेली वडीलधारी व्यक्ती सोबत घ्या, मुलाला मागे ठेवा आणि पहिले वाक्य आईंच्या प्रकृतीची विचारपूस करणारे असू द्या. त्या भेटीत कोणत्याही कागदावर सही करू नका.

तेथे जमले नाही, तर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नोटिशीचे उत्तर तयार करण्यासाठीही तेथे मदत मागता येते. दावा दाखल होण्यापूर्वीच हा वाद लोकअदालतीपुढे ठेवण्याचा अर्ज तुम्ही करू शकता. तेथे समेट झाल्यास वेळा, मागांची जागा आणि भरपाईचा प्रश्न एकाच निवाड्यात बसतो. तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो आणि त्यावर अपील होत नाही, म्हणून त्यातील प्रत्येक अट सही करण्यापूर्वी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. जाताना मूळ नोटीस आणि तिचे पाकीट, घराचा उतारा, परवाना, मागील काही महिन्यांची वीजबिले आणि जॉबरचे बिल सोबत न्यावे. पंधरा दिवसांची मुदत नोटीस हाती पडलेल्या तारखेपासून मोजून उत्तर स्पीड पोस्टने पाठवावे आणि पोचपावती त्याच फाइलमध्ये लावून ठेवावी.