चौऱ्याहत्तरचे एकवीस

निखिल (नाव बदललं आहे) उरणजवळच्या करंजाचा. वडिलांची मासेमारीची बोट, आणि पोराच्या डोक्यात सातवीपासून मर्चंट नेव्ही. बारावीनंतर त्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीत, म्हणजे मेडिकलला, डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचं पुस्तक समोर धरलं. पहिल्या पानावरचे १२ त्याने वाचले. ते सगळ्यांनाच दिसतात. पुढच्या एका पानावर ७४ होते, त्याला २१ दिसले. लाल-हिरव्यातला फरक आपल्याला नीट कळत नाही, हे त्याला अठराव्या वर्षी समजलं.

"ताई, हे माझ्याकडूनच आलं ना?" दोघं माझ्याकडे सल्ल्यासाठी आले तेव्हा आईचा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा आईकडूनच येतं, पण यात दोष कुणाचाच नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

एका एजंटाने पैसे घेऊन सर्टिफिकेट 'मॅनेज' करायची तयारी दाखवली होती. मी निखिललाच विचारलं, रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा कुठल्या बाजूला असतो? "डाव्या. हिरवा उजव्या." मी म्हटलं, त्यावरूनच ते कुठे निघालंय ते कळतं, आणि तुला तेच कळणार नाही. शिवाय मेडिकल दर दोन वर्षांनी असते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नको तो एजंट. पण माझा समुद्र संपला, मॅडम."

या वाक्यावर मी नेहमी थांबते. समुद्रातलं तुला नक्की काय आवडतं? कुठल्या खणात बर्फ आधी भरला की बोट कशी कलते, हे त्याने टेबलावर पाण्याची बाटली आडवी ठेवून मला दाखवलं. डोळे चमकत होते.

अरे, यालाच नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजाच्या रचनेचं शास्त्र म्हणतात! विशाखापट्टणमला इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत, कोचीन विद्यापीठात त्याचं बीटेक आहे. मुंबईचा जहाजबांधणी कारखाना माझगाव डॉक आठवी-दहावीनंतरही अप्रेंटिस घेतो: पाइप फिटर, रिगर (जड सामान दोरखंडांनी उचलून हलवणारा), वेल्डर. त्याच्या घराजवळच्या न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरन्स, मालाचा सर्व्हे, जहाजांना रसद पुरवणं अशी कितीतरी कामं चालतात. डोळ्यांची अट मात्र प्रत्येक कामाला वेगळी. क्रेन, इलेक्ट्रिशियन यांची आधी चौकशी करायचीच.

पालकांना कळकळीने सांगते, कोर्सची फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं केंद्रीय सरकारी कार्यालय) मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून मेडिकल करून घ्या.

निखिल प्रवेश परीक्षेला बसतोय. गणित कच्चं आहे, म्हणून दर शनिवारी वह्या घेऊन येतो.