मनातला विचार देवाकडून आहे हे मी कसे ओळखते?

रोजच्या जगण्यात ख्रिस्ती माणसाला देवाचे मार्गदर्शन नेमके कसे जाणवते, आणि मनात उठलेला विचार देवाचा की आपल्याच इच्छेचा हे कशावरून ठरवायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी आजवर कानांनी ऐकू येईल असा देवाचा आवाज ऐकलेला नाही, आणि मंडळीतील ज्या वडीलधाऱ्यांच्या विश्वासाबद्दल मला मनापासून आदर आहे त्यांच्यापैकीही बहुतेकांनी तो ऐकलेला नाही. तरीही प्रभू मला चालवतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बायबलमधील पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते आणि तो तीनदा उठून एली याजकाकडे धावत जातो, कारण हाक एलीनेच मारली असे त्याला वाटते. ती हाक देवाची आहे हे शेवटी ओळखतो तो म्हातारा, दृष्टी मंदावलेला एली, ज्याचे स्वतःचे घर काही धड चाललेले नव्हते. मला या प्रसंगाचा फार आधार वाटतो, कारण ज्याला हाक आली त्यालाच ती ओळखता आली नाही आणि त्याबद्दल देवाने त्याला दोषही दिला नाही. तो पुन्हा हाक मारत राहिला. म्हणून महत्त्वाच्या बाबतीत मी एकटीच्या जाणिवेवर विसंबून राहत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या आणि वेळप्रसंगी मला स्पष्टपणे नाही म्हणू शकणाऱ्या एकदोघांसमोर मी तो विचार मांडते.

दुसऱ्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायातील प्रसंग याहून कमी लोकांच्या लक्षात असतो. देवासाठी मंदिर बांधण्याचा मनोदय दावीद राजा बोलून दाखवतो आणि नाथान संदेष्टा तिथल्या तिथे सांगतो की तुझ्या मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देव नाथानाला वेगळा निरोप देऊन परत पाठवतो. हेतू चांगला होता, बोलणारा खरा संदेष्टा होता, आणि तरीही तो पहिला होकार त्याचा स्वतःचाच होता. हे वाचल्यापासून ‘देवाने मला सांगितले आहे’ हे शब्द मी तोंडातून सहज जाऊ देत नाही आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तरी लगेच मान तुकवत नाही. विशेषतः कोणी तुम्हाला येऊन सांगितले की तू अमक्याशी लग्न करावेस, नोकरी सोडावीस किंवा औषधे बंद करावीस असे देवाने मला दाखवले आहे, तर सांगणारा कितीही मोठा असला तरी वेळ मागून घ्या आणि पारख करा. नव्या करारातील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल एकीकडे संदेशांचा धिक्कार करू नका म्हणतो आणि लगेच सर्व गोष्टींची पारख करा असेही सांगतो. घाई लावणारा, भीती घालणारा आणि इतरांना विचारू नको असे बजावणारा निरोप मला देवाचा वाटत नाही.

रोजच्या बहुतेक प्रश्नांना खरे तर वेगळ्या संकेताची गरजच नसते. हिशेबात खोटी नोंद करावी का, अबोला धरलेल्या बहिणीशी आपण होऊन बोलावे का, हे प्रश्न प्रार्थनेत अडकवून ठेवण्याचे कारण नाही. देवाच्या वचनाने, म्हणजे पवित्र शास्त्राने, त्यांचे उत्तर आधीच दिलेले आहे. मार्गदर्शनाचा प्रश्न खरा उभा राहतो तो दोन्ही वाटा चांगल्या असतात तेव्हा.

काही वर्षांपूर्वी मला कामावर वरचे पद देऊ केले गेले. पगार वाढणार होता, पापाचा काही प्रश्न नव्हता, फक्त संध्याकाळ घरी मिळणार नव्हती. त्या काळात मी रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या विचारांकडे प्रार्थनापूर्वक मागे वळून पाहत असे. होकार देण्याच्या विचाराने मन फुलून यायचे, पण तासाभरात तेच मन मला एकामागून एक कारणे पुरवू लागायचे, जणू कोणासमोर तरी बाजू मांडायची होती. नकाराच्या विचारात उत्साह नव्हता, पण तो विचार कुठलेही समर्थन मागत नव्हता. एकदा जेवताना पतीने विचारले, “हे पद तू घेतलेस हे कोणालाच कळणार नसेल, तरी तुला ते हवे आहे का?” मला लगेच उत्तर देता आले नाही. मी ते पद नाकारले.

माझी परंपरा वेगळी असली तरी हे निरीक्षण मला लोयोलाच्या इग्नेशियसकडून, म्हणजे येशूसंघ स्थापणाऱ्या कॅथलिक संताकडून, मिळाले. 1521 मध्ये स्पेनमधील पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो अंथरुणाला खिळला असताना त्याच्या लक्षात आले की शौर्य गाजवण्याची स्वप्ने रंगवताना आनंद होतो पण नंतर मन कोरडे पडते, आणि संतांप्रमाणे जगण्याच्या विचाराने मिळालेला आनंद मात्र मागे टिकून राहतो. मन खचलेले असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये, हाही त्याचाच नियम, आणि तो मी कटाक्षाने पाळते.

वाट सुकर झाली म्हणजे ती देवाची, हा समज मात्र मनातून काढून टाका. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौलाला आसिया या रोमी प्रांतात वचन सांगण्यास पवित्र आत्मा मना करतो, बिथुनियात जाऊ देत नाही, आणि त्रोवसला त्याला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण देवाने आपल्याला तिकडे बोलावले आहे हा निष्कर्ष सोबत्यांनी मिळून काढला. इतक्या स्पष्ट मार्गदर्शनानंतर फिलिप्पैत त्यांना लूदियासारखी विश्वासू स्त्री भेटली, तशीच छड्यांचा मार आणि तुरुंगही मिळाला.

कधी कधी मुदत संपत येते आणि आतून काहीच उमटत नाही. अशा वेळी डोळे मिटून पवित्र शास्त्र कुठेही उघडण्याचा मोह होतो, पण मी तसे करत नाही. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की ज्याला ज्ञान उणे आहे त्याने ते देवाजवळ मागावे, आणि देव ते दोष न लावता उदारपणे देतो. मला वाटते, ते ज्ञान बऱ्याचदा आपल्याच विचारशक्तीतून काम करते. मी माहिती गोळा करते, जाणत्यांना विचारते, निर्णय घेते आणि प्रार्थनेत त्याला स्पष्ट सांगते की हे मी तुझ्यावर भरवसा ठेवून ठरवले आहे, चुकत असेन तर मला थांबव. त्यानंतर मी तो निर्णय रोज उकरून काढत नाही.