टिप्स बरोबर आहेत, वेळ चुकतेय

हाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव टाकू नका म्हणालीस म्हणून टाकत नाहीये. थोडक्यात तुझं म्हणणं असं की तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, लेखिका व्हायचंय, लिहिण्याच्या टिप्सची एक अख्खी वही भरलीयस, मोबाईलमध्ये चौदा कथा सुरू करून ठेवल्यात आणि त्यातली एकही पूर्ण नाही. आणि शेवटी विचारलंयस की ‘यातल्या नेमक्या कुठल्या टिप्स पाळू, आणि माझ्यात टॅलेंट नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे बाबा म्हणतात तसं नोकरीच्या अभ्यासाला लागते.’

टॅलेंटचं मला चौदा अर्धवट कथांवरून काही सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. कथेची सुरुवात बऱ्याच जणांना जमते कारण तिथे अजून काही निभवायचं नसतं. मधला भाग आणि शेवट लिहिताना कळतं की आपल्याला ही गोष्ट खरंच माहितीये का, आणि तू तिथवर पोचलीच नाहीयेस अजून.

तू वहीतल्या ज्या दहा आवडत्या टिप्स लिहून पाठवल्यास त्या मी नीट बघितल्या. पहिलं वाक्य जबरदस्त हवं, भावना सांगू नका दाखवा, विशेषणं कापा, घासून गुळगुळीत झालेले शब्दप्रयोग टाळा, वगैरे. सगळ्या चांगल्या आहेत गं. पण दहापैकी आठ टिप्स दुसऱ्या खर्ड्याच्या आहेत, म्हणजे गोष्ट एकदा शेवटपर्यंत लिहून झाली की मग वापरायच्या, आणि तू त्या पहिलं वाक्य लिहितानाच लावतेस. मग काय होणार, एक ओळ लिहायची, ती सपाट वाटते, खोडायची, परत लिहायची, तासाभराने चार ओळी आणि मूड गेलेला, मग नवीन फाईल. चौदा फाईली अशाच झाल्या असणार.

पहिल्या खर्ड्यात वाईट लिहायची परवानगी स्वतःला दे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, कामाची पद्धतच तशी आहे. समज तू लिहिलंस, ‘बाबांना मुलाची खूप आठवण येत होती.’ सपाट वाक्य आहे, पण चुकीचं नाही, इथे काय शोधायचंय याची ती तुझी तुलाच लिहिलेली चिठ्ठी आहे. पुढे जायचं. कथा संपली, आठवडाभर तिच्याकडे बघितलं नाही, मग परत आलीस की त्या जागी थांबायचं आणि विचारायचं की आठवण येणारा हा माणूस आत्ता या खोलीत काय करतोय? तेव्हा कदाचित सुचेल, ‘बाबांनी फोनचा आवाज वाढवलेला आहे ना ते तपासून बघितलं, दुपारपासून तिसऱ्यांदा.’ हे पहिल्या दिवशी सुचलं तर उत्तमच, पण सुचेपर्यंत गोष्ट अडवून ठेवायची नाही. आणि सगळंच दाखवायचंही नसतं बरं का. पाच वर्षं गेली असतील तर सरळ ‘पाच वर्षं गेली’ लिहून मोकळं व्हावं.

संवादांचं पण असंच. तू पत्रासोबत पाठवलेल्या कथेच्या नमुन्यातली माणसं एकमेकांच्या प्रश्नांना फार प्रामाणिकपणे उत्तरं देतात. खऱ्या बोलण्यात ‘तू येणार आहेस का?’ ला ‘तुझी बहीण येणार आहे का?’ असं उत्तर येतं आणि तिथेच कळतं की काहीतरी बिनसलंय. दोघांना वेगवेगळं काहीतरी हवं असू दे. मोठ्याने वाचून बघ, जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य बदलायचंय, ही माझी सगळ्यात आवडती टिप आहे आणि ती पण दुसऱ्या खर्ड्याचीच.

मग पहिल्या खर्ड्यासाठी काय? दोनच गोष्टी. एक, ठरलेली वेळ. अँथनी ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, आणि अशा सवयीवर त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. तुला २५० जमणार नाहीत, शंभर लिही, पण रोज त्याच वेळेला. दुसरी गोष्ट अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने १९५८ च्या एका मुलाखतीत सांगितलीये, की पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवसाचं लिखाण थांबवायचं. पूर्ण रिकामं होऊन उठलं की उद्या परत कोऱ्या पानाशी बसावं लागतं, अर्ध्या प्रसंगात उठलं की हात आपोआप चालतो. त्याच मुलाखतीत त्याने असंही सांगितलं होतं की एका कादंबरीचं शेवटचं पान मनासारखं होईपर्यंत ३९ वेळा लिहिलं. आधी शेवटपर्यंत पोचला म्हणून ३९ वेळा लिहू शकला ना.

वाचायला देशील तेव्हा ‘कशी झालीये?’ असं विचारू नकोस, लोक ‘छान’ म्हणतात आणि विषय संपतो. कुठे कंटाळा आला, कुठे परत वाचावं लागलं, एवढंच विचार. ते जागा सांगतील त्यावर विश्वास ठेव, उपाय सांगतील तो मात्र तुझा तू शोध.

आता बाबांचं. त्यांना शत्रू समजू नकोस. काफ्कासारखा मोठा लेखक १९०८ ते १९२२ कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत होता, रशियन कथाकार चेखव डॉक्टर होता, ट्रोलपचं तर सांगितलंच. नोकरी करणं म्हणजे लिखाण सोडणं नाही, आणि फक्त कथांवर घर चालवणं सुरुवातीची बरीच वर्षं अवघडच असतं हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पदवी पूर्ण कर. लिखाणातल्याच नोकऱ्याही आहेत, जाहिरातीचा मजकूर, मालिकांचे संवाद, सबटायटल्स, भाषांतर, संपादन, गेम्ससाठी लिहिणं, फक्त दिवसभर दुसऱ्यासाठी शब्द जुळवल्यावर रात्री स्वतःचे सुचत नाहीत असं काहींचं होतं, काहींचा उलट हात साफ होतो, तुझं काय होतं ते एखादी इंटर्नशिप करून बघ. आणि कधी करार समोर आला तर सही करण्याआधी एवढं बघ की कॉपीराइट कायमचा देतेयस की ठरावीक वापरापुरती परवानगी देतेयस. छापायला तुझ्याकडूनच पैसे मागत असतील तर तिथे थांबून चौकशी कर, कारण नेहमीच्या पद्धतीत प्रकाशक लेखकाला पैसे देतो.

आता लगेच करायचं ते असं. चौदातली एक निवड, सगळ्यात चांगली नको, जिचा शेवट अंधुक का होईना दिसतोय ती. दीड हजार शब्दांच्या आत संपव, सहा आठवड्यांत, तोपर्यंत टिप्सची वही कपाटात. झाली की मला पाठव, दुरुस्त न करता, आणि सोबत दोन ओळी लिही की शेवटाकडे जाताना नेमकी कुठे अडलीस. मला कथेइतकंच ते वाचायचंय.