तळ्यांचे शास्त्र शिकायला जर्मनीत येण्याआधी

बेळगावात प्राणिशास्त्राची एम.एस्सी. पूर्ण करत असताना तुम्ही विचारले आहे की, तळ्यांच्या पुनरुज्जीवनाचे शास्त्र शिकायला जर्मनीत यावे का, कसे यावे, आणि परतल्यावर त्या शिक्षणाचा आपल्याकडे उपयोग होईल का. मी मूळची खानापूर तालुक्यातली, शिकले धारवाडला, आणि गेली काही वर्षे बर्लिनमध्ये याच क्षेत्रात नोकरी करते. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरे त्यावरच ठरतात.

इथे अभ्यासक्रमात जी यशाची उदाहरणे शिकवतात त्यांतली अनेक खोल सरोवरांची आहेत. जर्मनीच्या दक्षिण सीमेवरचे बोडेनसे हे सरोवर २५१ मीटर खोल आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या एका लिटर पाण्यात ८० मायक्रोग्रॅमहून अधिक फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचे खत, होता; तो सांडपाण्याच्या शुद्धीकरणामुळे आणि धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवरच्या निर्बंधांमुळे पुढे १० च्या खाली आला. अशा सरोवरात उन्हाळाभर कोमट पाणी वर आणि थंड पाणी खाली राहते, त्यामुळे तळाच्या गाळातून सुटलेले बरेचसे खत तोवर खालीच अडकून पडते. आपली तळी पुरुष-दोन पुरुष खोल. वारा सुटला की पाणी तळापर्यंत ढवळते, आणि गाळाने सोडलेले खत लगेच शेवाळाच्या तोंडी पडते. म्हणून जलपर्णी काढून ट्रॅक्टर भरभरून नेली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर होते. त्यात खानापूरकडची जांभ्याची माती लोहाने भरलेली: पाण्यात प्राणवायू असेतोवर हे लोह फॉस्फरसला धरून ठेवते, आणि तळाशी प्राणवायू संपला की सोडून देते. हे गणित बोडेनसेकाठी राहून शिकता येते, पण हाताला लागत नाही.

त्यामुळे परतायचे नक्की असेल तर उथळ सरोवरांवर काम करणारा गट शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्लिनचे म्युगेलसे सरासरी पाचेक मीटर खोल आहे आणि गोड्या पाण्याच्या परिसंस्थांचा अभ्यास करणारी लाइब्निझ संस्था त्याच्याच काठावर आहे. १९९० च्या सुमारास तिथे बाहेरून येणारे खत बरेच घटले, तरी पुढे कित्येक उन्हाळे गाळ फॉस्फरस सोडतच राहिला. पाणवनस्पती परतल्या त्या सावकाश. याच संस्थेचे दुसरे केंद्र ६९ मीटर खोल श्टेखलिनसेवर आहे, जिथे पाण्यात ९ मीटर व्यासाचे २४ बंदिस्त कप्पे उभारून प्रयोग करतात. ते पाहून कुणालाही भुरळ पडते, मलाही पडली होती, पण तेही सरोवर खोलच. आणखी एक सावधगिरी अशी की, शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणिप्लवक वाचवण्यासाठी त्यांना खाणारे ब्रीमसारखे मासे काढून पाणी नितळ करण्याचा युरोपातला उपाय जसाच्या तसा घरी नेऊ नये. आपल्या उबदार पाण्यात छोटे मासे वर्षातून अनेकदा वितात आणि ते प्राणिप्लवक पुन्हा फस्त करतात.

येण्याआधी एक तळे वर्षभर मोजा. कपिलेश्वराचा तलाव घ्या, म्हणजे गणेश विसर्जनाच्या आधीची आणि नंतरची स्थितीही नोंदता येईल. नाहीतर किल्ला तलाव घ्या. मी आमच्या गावच्या तळ्यासाठी डब्याचे स्टीलचे झाकण २० सेंटिमीटरच्या मापाचे निवडून त्यावर काळ्या-पांढऱ्या पाकळ्या रंगवल्या होत्या आणि मधोमध भोक पाडून गाठी मारलेली सुतळी ओवली होती. झाकण दिसेनासे झाले की गाठी मोजायच्या. पाणी किती नितळ आहे ते मोजणारी सेकी डिस्क ती हीच. प्राणवायू मात्र पहाटे मोजावा, कारण दुपारी शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे आकडा फसवा वाढतो आणि मासे मरतात ते पहाटेच. पाण्याचे नमुने त्याच दिवशी गाळून घ्या. माझे नमुने तसेच फ्रीजमध्ये राहिले, शनिवार-रविवारी वीज गेली, आणि प्रबंधातले फॉस्फेटचे संपूर्ण प्रकरण मला काढून टाकावे लागले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलल्यामुळे जुन्या कागदांवर ‘बेळगाम’ आणि नव्या मार्क्स कार्डावर ‘बेळगावी’ असा घोळ होतो. शिवाय आपल्याकडच्या मार्क्स कार्डांवर आडनाव कधी नुसत्या आद्याक्षरापुरते असते. दोन्हींसाठी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला) लागते आणि सप्टेंबर २०२४ पासून बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. नातेवाईक मुंबईत असले तरी तुमचा पत्ता कर्नाटकातला, म्हणजे अर्ज बंगळुरूलाच. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि बोडेनसेकाठचे कॉन्स्टान्झ विद्यापीठ त्याच राज्यात आहे. पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते, म्हणून एम.एस्सी. हातात असताना थेट तिच्यासाठी प्रयत्न करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जर्मन भाषाही सुरू करा. प्रयोगशाळेत इंग्रजी चालते, पण होडीवरचे तंत्रज्ञ आणि स्थानिक कोळी जर्मनच बोलतात, आणि तळ्याचे निम्मे ज्ञान त्यांच्याकडेच असते.

पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की वहीचे फोटो काढून मला पाठवा. कोणत्या गटाला लिहायचे ते त्या पाहून ठरवू.