कॅफेत नोकरीचा इंटरव्ह्यू: काय घालू, कसं वागू?

कॅफेत बरिस्ता, म्हणजे मशीनवर कॉफी बनवणारी पोरंपोरी निवडणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे असले प्रश्न सारखे येतात. त्यातले काही आज घेते.

प्र. परवा एफसी रोडवरच्या कॅफेत पार्टटाइमसाठी बोलावलंय. ताईच्या लग्नाची मेंदी अजून हातावर आहे, जेलची नखंही आहेत. फॉर्मल घालू का पंजाबी ड्रेस?

मेंदीचं काही नाही गं, जाईल ती. नखं मात्र काढून, बारीक कापून जा, कारण एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या स्वच्छतेच्या नियमांत खाण्यापिण्याच्या कामाला खोटी नखं न् सैल दागिने चालत नाहीत, म्हणजे नोकरी लागली तरी ती काढावीच लागणार. डार्क जीन्स (फाटकी स्टाइलवाली नको), साधा इस्त्रीचा शर्ट किंवा शॉर्ट कुर्ता, केस घट्ट बांधलेले, बास. ओढणी नकोच, ट्रायलला मशीनपाशी उभं केलं तर ती नेमकी दुधाच्या जगमध्ये जाते. बूट पुढून बंद हवेत, उकळतं पाणी पायावर सांडतं कधीकधी. आणि सेंट अजिबात मारू नकोस, कॉफीचा वास घ्यायला दिला तर तुला तुझाच वास येणार.

प्र. दाढी आहे, हातावर टॅटू आहे आणि कानात भिकबाळी. चालेल का?

दाढी ट्रिम कर, भिकबाळी तेवढ्यापुरती काढून ठेव. टॅटूचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, मोठ्या चेनचे नियम कडक असू शकतात. आदल्या दिवशी एक चक्कर मार आणि काउंटरमागची पोरं कशी राहतात ते बघ, उत्तर तिथेच मिळेल.

प्र. आमच्याकडे तिन्ही त्रिकाळ चहा. कॉफीबद्दल विचारलं तर काय सांगू?

चहाच पितो म्हणून सांगा की! "मी कॉफीचा खूप शौकीन आहे" म्हणणाऱ्याला मी लगेच विचारते, लाटे आणि कॅपुचिनोत फरक काय, आणि तिथेच गाडी अडते. एवढं वाचून जा: एक एस्प्रेसो, म्हणजे मशीनमधून दाबाने काढलेला कडक कॉफीचा घोट, साधारण ३० मिली, तो २५ ते ३० सेकंदांत उतरतो, कॅपुचिनोत फेस जास्त, लाटेत दूध जास्त, आणि दूध ६०-६५ अंशांपर्यंतच तापवायचं, फार तापलं की गोडवा जातो. आपल्याकडची कॉफी चिकमगळूर, कूर्ग, आराकूकडून येते हेही माहीत असू द्या. पुढचं विचारलं तर "माहीत नाही, शिकेन" म्हणा आणि गप्प बसा, उगाच ठोकून देऊ नका.

प्र. तिथे गेल्यावर कॉफी ऑर्डर करायची का? आई पण सोबत येते म्हणतेय.

दहा मिनिटं आधी पोच, काउंटरवर नाव आणि कुणी बोलावलंय ते सांग आणि बाजूला हो, बिलिंगच्या लाइनीत उभा राहू नकोस. ऑर्डर करायची गरज नाही, त्यांनी विचारलं तर साधी काहीतरी घे. मोबाइल सायलेंट करून खिशात. मी काय बघते सांगू? बोलणं झाल्यावर कप कसा उचलतो ते. कान धरून किंवा खालून उचलला तर ठीक, पण काहीजण कपात बोटं घालून उचलतात, आणि तो हात उद्या गिऱ्हाइकाच्या कपाला लागणार असतो. फरशी पुसणाऱ्या मावशींना "ओ, सरका" म्हणालेला मुलगा तर मी घेतच नाही, बाकी कितीही हुशार असो. आईला दुसरीकडे कुठेतरी बसव, शेजारच्या टेबलावर नको, पगाराचं विचारलं की उत्तर त्याच देतात.

प्र. "आठ दिवस ट्रायल, नंतर बघू" म्हणाले. पैशाचं विचारलं तर वाईट दिसेल का?

नाही दिसत. तास-दोन तास काम करून दाखवणं ठीक आहे, पण आठ दिवस म्हणजे कामच झालं ना, "या दिवसांचे किती मिळतील?" असं सरळ विचारा. युनिफॉर्मसाठी डिपॉझिट मागितलं तर पावती घ्या. ओरिजिनल मार्कशीट दाखवा, ठेवायला द्यायची ती झेरॉक्स. आणि क्लोजिंग शिफ्ट किती वाजता सुटते हे नक्की विचारा, कारण शटर पडल्यावर मशीन धुणं, कचरा, हिशोब यात अजून बराच वेळ जातो आणि शेवटची बस तेवढ्यात निघून जाते.