वडिलांच्या दोन एमआरआयमध्ये कवटीचं घनफळ वेगळं का आलं?

तुम्ही लिहिलंय की वडील 68 वर्षांचे आहेत आणि विसरायला लागलेत. दोन वर्षांपूर्वीच्या एमआरआय रिपोर्टात आयसीव्ही 1412 मिली आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग) मिळून 6.6 मिली होता. यंदा दुसऱ्या सेंटरवर 1338 आणि 6.4 आलं. दोन वर्षांत 74 मिली मेंदू सुकला का, हा तुमचा प्रश्न.

तो 74 चा आकडा मेंदूचा नाही, ही भीती आधी मनातून काढून टाका. आयसीव्ही म्हणजे कवटीच्या आतल्या सगळ्या जागेचं घनफळ. त्यात मेंदू आला, भोवतीचं पाणी आलं, रक्तवाहिन्या आणि आवरणं आली. मेंदू आक्रसला की सुटलेली जागा पाणी घेतं आणि बेरीज तेवढीच राहते. हाडाचा डबा ना ताणला जातो ना दबतो, हे एडिनबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 मध्येच मांडलं होतं. हा डबा पोर सहा-सात वर्षांचं होईपर्यंत 90 टक्क्यांच्या आसपास तयार होतो आणि तरुणपणी पक्का झाला की तसाच राहतो. (काही वयस्क बायकांमध्ये कपाळाचं हाड आतून जाड होतं, पण तुमच्या वडिलांच्या आकड्याचं कारण ते नाही.) तेव्हा सुकला असेल तर मेंदू सुकला असेल, पण ते आयसीव्हीवरून कळणार नाही.

मग आकडा का हलला? मी वर्धा जिल्ह्यातला, आर्वी तालुक्यातला. एमआरआय टेक्निशियन आहे, आणि घरी शेती आहे. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. एकाच शेताच्या दोन मोजण्या वेगळ्या येतात तेव्हा शेत लहान झालेलं नसतं. एकानं धुऱ्याच्या आतून साखळी धरलेली असते, दुसऱ्यानं धुऱ्याच्या मधून. मेंदूवरच्या बाहेरच्या आवरणाला ड्यूरा म्हणतात, आणि आयसीव्ही मोजणाऱ्याचं सगळं भांडण त्या ड्यूराशीच असतं: रेघ त्याच्या आतून न्यायची की बाहेरून?

हा फरक किती पडतो ते हिशेबानं बघा. 1400 मिलीचा गोळा धरला तर त्याची त्रिज्या साधारण 6.9 सेंटिमीटर आणि पृष्ठभाग सुमारे 600 चौरस सेंटिमीटर. सगळीकडून हद्द फक्त 1 मिलिमीटर आत सरकली की 60 मिली गेले. तुमचे 74 मिली म्हणजे सव्वा मिलिमीटर. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला त्या दिवशी कितीतरी रिपोर्ट डोळ्यांपुढून गेले.

आणि ही हद्द दिसायला सोपी नाही. हे मोजमाप बहुतेक टी-वन प्रकारच्या चित्रावर करतात. त्यात पाणी काळं दिसतं आणि हाडाचा आतला कडक थरही काळा. काळ्याला काळं लागून असतं, मग रेघ कुठं ओढणार? टी-टू चित्रात पाणी पांढरं होतं, हाड काळंच राहतं, आणि कडा स्वच्छ सुटून येते. सीटी स्कॅनमध्ये तर हाडच पांढरंशुभ्र. म्हणून एकाच माणसाचं घनफळ कोणत्या चित्रावरून काढलं यावरही आकडा हलतो. खालची बाजू आणखी अवघड. मज्जारज्जू जिथून खाली उतरतो ते कवटीच्या तळाचं मोठं भोक म्हणजे मोकळं दार आहे, तिथं भिंतच नाही. कोणी दाराच्या उंबऱ्यावर थांबतं, कोणी थोडं वर, कोणी थोडं खाली.

सॉफ्टवेअरही सगळी एका पद्धतीनं मोजत नाहीत. एसपीएम हे लंडनमध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग आणि पाणी वेगळं काढतं आणि तिन्हींची बेरीज करतं. बॉस्टनचं फ्रीसर्फर खरं तर जागा मोजतच नाही. ते तुमचं डोकं एका ठरलेल्या सरासरी डोक्यावर बसवतं आणि बसवताना किती ताणावं किंवा दाबावं लागलं त्यावरून घनफळाचा अंदाज बांधतं. 2004 मध्ये मांडलेली ही पद्धत हजारोंच्या अभ्यासात कामाची आहे. पण मेंदू बराच आक्रसलेला असेल तर तो अंदाज मेंदूच्या आकाराकडे ओढला जातो, आणि तुम्हाला ज्यांची काळजी वाटते ते बहुधा असेच रुग्ण असतात. शिवाय ते सरासरी डोकं परदेशी माणसांचं. हैदराबादच्या आयआयआयटीनं 2019 मध्ये 100 भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा आपल्या मेंदूची उंची, रुंदी आणि घनफळ पाश्चात्त्य नकाशापेक्षा सरासरीनं कमी निघालं. ‘वयाच्या मानाने कमी’ असा शेरा वाचताना कोणाच्या मानाने, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मशीनचाही वाटा आहे. लांबीच्या मापात 1 टक्का चूक झाली तर घनफळात ती 3 टक्के होते, कारण चूक तिन्ही दिशांना लागते. आणि नेहमीचा स्कॅन 5 मिलिमीटर जाड स्लाइसचा (म्हणजे कापाचा), वर दोन स्लाइसच्या मध्ये फट सोडलेला असेल, तर त्यावरून काढलेल्या घनफळावर माझा तरी भरवसा नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या मोठेबाबांचे असेच दोन रिपोर्ट आले होते. दुसरा कागद हातात घेऊन ते ओसरीवर बसले होते. मला म्हणाले, ‘‘बापू, डोस्कं लहान होऊन रायलं का माह्यं?’’ मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री दोन्ही सीडी उघडल्या आणि हातानं मोजायला बसलो. कानापासून कानापर्यंत 1 मिलिमीटरच्या साधारण दीडशे स्लाइस होत्या. त्यातली दर दहावी घेतली. तेवढ्या पुरतात, हे संशोधकांनी तपासून झालेलं आहे. प्रत्येकीवर ड्यूराच्या कडेनं रेघ ओढली, क्षेत्रफळ घेतलं, 10 मिलिमीटरनं गुणलं आणि सगळ्यांची बेरीज केली. एका स्कॅनचे 1396 मिली आले, दुसऱ्याचे 1402. छापील रिपोर्टात मात्र त्याच दोन स्कॅनमध्ये शंभराच्या वर फरक होता. सकाळी मोठेबाबांना सांगितलं, डोकं होतं तेवढंच आहे.

जुन्या काळी कवट्या धान्यानं भरून मोजत. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टननं आधी बिया भरल्या, पण दाबून भरल्या की जास्त मावत आणि सैल भरल्या की कमी. शेवटी त्यानं शिशाचे छर्रे घेतले. पायलीनं ज्वारी मोजलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. त्या मापांवरून त्यानं वंशावंशांच्या बुद्धीचे जे निष्कर्ष काढले ते चुकीचे होते, आणि आजही आयसीव्हीचा बुद्धीशी संबंध लावून कोणी वडिलांबद्दल बोललं तर ऐकून घेऊ नका.

आता तुमच्या कामाचं. हिप्पोकॅम्पसचा आकडा आयसीव्हीनं भागून टक्केवारी देतात, म्हणजे मोठं डोकं आणि लहान डोकं एका पट्टीवर येतं. तुमच्या पहिल्या रिपोर्टात ती 0.467 टक्के होते, दुसऱ्यात 0.478. म्हणजे हिप्पोकॅम्पस कमी झाला, पण टक्केवारी वाढली! हे निव्वळ खालचा आकडा हलल्यामुळे झालं. खाली 1412 च ठेवले तर दुसरी टक्केवारी 0.453 येते. अर्थात 6.6 आणि 6.4 मधला फरकही मशीन बदलल्यानं येऊ शकतो, तेव्हा त्यावरूनही लगेच काही ठरवू नका.

दोन्ही सीडी एका कॉम्प्युटरवर उघडायला सांगा. व्ह्यूअरमधल्या पट्टीनं कवटीची आतली लांबी, रुंदी आणि उंची दोन्ही स्कॅनवर त्याच जागी मोजा. तिन्हींचा गुणाकार करून 0.52 नं गुणलं की ढोबळ घनफळ मिळतं: 16.5, 13.5 आणि 12.5 सेंटिमीटर असतील तर साधारण 1450 मिली. हा आकडा खरा मानायचा नाही, फक्त दोन स्कॅनची मापं जुळतात का एवढंच पाहायचं. एक-दोन मिलिमीटरच्या आत जुळली तर रेडिओलॉजिस्टना विनंती करा की दोन्ही स्कॅन एकाच सॉफ्टवेअरमधून, एकाच आवृत्तीतून पुन्हा काढून द्या. तो नवा कागद घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत.

जुन्या सेंटरला मात्र आजच फोन करा. स्कॅनचा डेटा सगळीकडे कायम ठेवत नाहीत, आणि फिल्मवरून हे मोजमाप होत नाही.